काचपेटीला गाळणी कोणती लावावी?

मीरा-भाईंदरसारख्या दाटीच्या शहरात कुत्रा किंवा गाय पाळणे प्रत्येकाला शक्य नसते. पण खिडकीजवळच्या टेबलावर दीड-दोन फुटांची काचपेटी मात्र बहुतेक घरांत मावते. म्हणून अनेकांच्या घरी माशांची पेटी येते. रविवारी दुकानातून पेटी, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडे आणि आठ-दहा मासे आणले जातात. पहिले चार दिवस सारे घर पेटीसमोर बसलेले असते. मग एक मासा सुस्तावतो, दुसरा पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळू लागतो आणि दोन आठवड्यांत पेटी रिकामी होते. घरातले म्हणतात, "पाणी तर अगदी स्वच्छ होते, मग मासे मेले कशाने?"

प्रश्न योग्य आहे. पाणी स्वच्छ *दिसत* होते हे खरे, पण ते स्वच्छ *होते* का? या दोन गोष्टींतला फरक समजला की गाळणी म्हणजे फिल्टर कशासाठी असतो आणि आपल्या पेटीला कोणता घ्यावा, हे दुकानदाराला न विचारताही ठरवता येते.

डोळ्यांना न दिसणारी घाण

मासा खातो, श्वास घेतो आणि मलमूत्र टाकतो. खाद्यातील प्रथिनांत नत्र असतो. प्रथिने वापरल्यावर उरलेला नत्र माशाच्या शरीरातून मुख्यतः अमोनियाच्या रूपाने, आणि बराचसा कल्ल्यांवाटेच, बाहेर पडतो. न खाल्लेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. अमोनिया पाण्यात पूर्ण विरघळतो. त्याला रंग नाही, आणि इतक्या कमी प्रमाणात त्याचा वासही येत नाही. म्हणूनच पाणी काचेसारखे नितळ असूनही माशांना विषारी असू शकते.

थोडा हिशेब करू. मत्स्यशेतीतील ढोबळ नियम असा, की माशांना १ ग्रॅम खाद्य घातले तर त्यातून सुमारे ३० मिलिग्रॅम नत्र अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो. समजा, तुमची पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच आहे. तिचे घनफळ ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. पण आपण पेटी काठोकाठ भरत नाही, शिवाय खडेही जागा व्यापतात. तेव्हा प्रत्यक्षात पाणी ४५ लिटर धरू. रोज अर्धा ग्रॅम खाद्य घातले तर १५ मिलिग्रॅम नत्र पाण्यात उतरतो. दर लिटरला रोज ०.३३ मिलिग्रॅम, आणि आठवड्याला सुमारे २.३ मिलिग्रॅम. हेच खाद्य १० लिटरच्या गोल भांड्यात घातले, तर एका दिवसातच लिटरला दीड मिलिग्रॅम! गोल भांड्यातले गोल्डफिश का टिकत नाहीत, हे या भागाकारातच आहे.

विद्यार्थ्यांनी येथे रसायनशास्त्रातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक मुक्त अमोनिया आणि दुसरा अमोनियम आयन. मुक्त अमोनिया कल्ल्यांतून सहज आत शिरतो, म्हणून तोच अधिक घातक. अमोनियम आयन त्या मानाने पुष्कळ सौम्य. कोणते रूप किती, हे पाण्याचा सामू आणि तापमान ठरवतात. पाणी २८ अंश सेल्सिअस असताना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी केवळ ०.७ टक्के मुक्त असतो. सामू ८ झाला की हेच प्रमाण ६.५ टक्के होते, म्हणजे सुमारे नऊ पट. लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त मुक्त अमोनिया दीर्घकाळ राहिला तर कल्ल्यांना इजा होऊ लागते, असे साधारणपणे मानतात. आता वरच्या उदाहरणातील २.३ मिलिग्रॅमचे ६.५ टक्के काढून पाहा. उत्तर आपल्याला सावध करणारे आहे.

नदीत, विहिरीत गाळणी कोण लावतो?

कोणीच नाही. तरीही तिथले मासे जगतात. याचे एक कारण म्हणजे माशांच्या मानाने पाणी भरपूर असते. दुसरे कारण, तिथे वनस्पती आणि जिवाणू अखंड काम करीत असतात. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त तिथल्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. त्यांनी एका भांड्यात गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्या आणि पाणी दीर्घकाळ न बदलताही मासे टिकतात हे दाखवले. वनस्पती ऑक्सिजन देतात, गोगलगाई कुजणारी पाने खातात आणि सारे भांडे समतोलात राहते.

पण हा समतोल भरपूर वनस्पती आणि मोजके मासे असतील तरच साधतो. आपल्याला मासे जास्त हवे असतात आणि झाडे प्लास्टिकची असतात. निसर्गात पसरलेल्या जागेत होणारे काम मग आपल्याला एका ओंजळभर वस्तूत कोंडून करून घ्यावे लागते. ती वस्तू म्हणजे गाळणी.

गाळणीत राहणारे कामगार

गाळणी तीन तऱ्हेची कामे करते.

पहिले काम *यांत्रिक*. विष्ठा, खाद्याचे कण, गाळ अडवून धरणे. स्वयंपाकघरातील चहाची गाळणी करते तेच.

दुसरे काम *रासायनिक*. यासाठी सक्रिय कोळसा वापरतात. त्याच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर रंग आणि काही औषधांचे रेणू चिकटतात. यालाच अधिशोषण म्हणतात. मात्र कोळसा अमोनिया धरत नाही, आणि काही आठवड्यांत तो भरून जातो. अमोनिया धरणारा पदार्थ म्हणजे झिओलाइट. महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सापडणारे झिओलाइटचे सुंदर स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. त्यांच्याच कुळातील क्लिनोप्टिलोलाइट हे खनिज आपल्याजवळचे सोडियमसारखे आयन सोडते आणि अमोनियम आयन पकडते. हा आयन-विनिमय. तोही काही दिवसांत पुरा होतो, म्हणून झिओलाइटचा उपयोग संकटकाळापुरताच.

तिसरे काम *जैविक*, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. गाळणीच्या स्पंजावर, खड्यांवर जिवाणूंचा पातळ, बुळबुळीत थर वाढतो. त्यातील काही जीव अमोनियाचे ऑक्सिडीकरण करून त्याचा नायट्राइट बनवतात. दुसरे काही नायट्राइटचा नायट्रेट बनवतात. नायट्राइटही विषारीच आहे. तो माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनवर परिणाम करून त्याची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती काढून घेतो. नायट्रेट मात्र बराच निरुपद्रवी असतो. लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत तो ठेवावा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. या सगळ्या क्रियेला नायट्रीकरण म्हणतात.

या जीवांचा शोध सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये लावला. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी पुस्तकांतून आपण वाचतो. शिक्षकांना येथे एक भर घालता येईल. १९९० नंतर जनुकांच्या आधारे जिवाणू ओळखण्याची पद्धत आली. तेव्हा टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की गोड्या पाण्याच्या काचपेट्यांत नायट्राइटचे काम नायट्रोबॅक्टर नव्हे तर मुख्यतः नायट्रोस्पिरा करतो. २०११ मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी काचपेट्यांच्या गाळण्या तपासल्या. गोड्या पाण्याच्या बहुतेक गाळण्यांत अमोनिया खाणारे जीव जिवाणूंपेक्षा आर्किया या वेगळ्याच गटातले जास्त निघाले. आणि २०१५ मध्ये अमोनियापासून नायट्रेटपर्यंतची दोन्ही पावले एकटाच टाकणारा नायट्रोस्पिराही सापडला. त्याचा एक नमुना मत्स्यशेतीच्या पाणी-शुद्धीकरण यंत्रणेतूनच मिळाला होता! ज्याला आपण 'साधा फिल्टर' म्हणतो, त्यात अजून किती विज्ञान दडलेले आहे पाहा.

या कामगारांना काय हवे?

दोन गोष्टी हव्यात. राहायला जागा आणि श्वासाला ऑक्सिजन.

जागेचा हिशेब भूमितीतला आहे. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १ मिलिमीटर बाजूचे १,००० घन केले तर प्रत्येकाचे पृष्ठफळ ०.०६, आणि सर्वांचे मिळून ६० चौरस सेंटिमीटर. पदार्थ तेवढाच, पण जागा दहा पट. म्हणून गाळणीत एक मोठा दगड न ठेवता बारीक खडे, सच्छिद्र तुकडे किंवा स्पंज घालतात. मग अगदी बारीक वाळूच का वापरू नये? कारण तिच्यातील फटी गाळाने लगेच बुजतात, पाणी आत जात नाही आणि जागा असूनही तिचा उपयोग होत नाही.

आता ऑक्सिजन. १ मिलिग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट व्हायला सुमारे ४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. आपल्या पेटीतील रोजच्या १५ मिलिग्रॅमला सुमारे ६९ मिलिग्रॅम. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, पण ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपासच. आपल्या कोकणपट्टीत उन्हाळ्यात पेटीतले पाणी ३० अंशांवर सहज जाते. ४५ लिटरमध्ये तेव्हा सुमारे ३४० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. त्याचा पाचवा हिस्सा केवळ या जिवाणूंनाच रोज हवा. माशांचा आणि कुजणाऱ्या घाणीचा वाटा निराळाच. म्हणून पाणी सतत हलते राहिले पाहिजे. हवेतला ऑक्सिजन मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून आत शिरतो. बुडबुड्यांचा मोठा उपयोग हा, की ते तळचे पाणी वर आणतात आणि पृष्ठभाग ढवळतात.

गाळण्यांचे प्रकार

*स्पंज फिल्टर* : एका सच्छिद्र स्पंजाच्या मध्यभागी उभी नळी असते. नळीच्या तळाशी एअर पंपाची हवा सोडतात. बुडबुड्यांमुळे नळीतील पाणी-हवेचे मिश्रण बाहेरच्या पाण्यापेक्षा हलके होते. बाहेरचे जड पाणी स्पंजातून आत ढकलले जाते आणि हलके मिश्रण वर चढते. पाण्यात फिरणारा एकही भाग नाही! किंमत कमी, जैविक काम उत्तम, प्रवाह सौम्य, बारीक पिल्ले ओढली जाण्याची भीती नाही. उणिवा दोन : पेटीतली जागा व्यापतो, आणि एअर पंपाची घरघर रात्री ऐकू येते. पंपाखाली जुन्या स्पंजाची घडी ठेवली की ती बरीच कमी होते.

*कोपऱ्यातली डबी* : प्लास्टिकच्या छोट्या डबीत कृत्रिम कापूस, खडे आणि कोळसा भरून ती हवेवरच चालवतात. स्वस्त आहे, पण आतील जागा फार थोडी.

*तळगाळणी* : पेटीच्या तळाशी जाळीदार ताट, त्यावर ५ ते ७ सेंटिमीटर खडे आणि कोपऱ्यात हवेची नळी. पाणी खड्यांतून खाली ओढले जाते आणि सगळा तळच गाळणी बनतो. एके काळी घराघरांत हीच असे. जिवाणूंना जागा भरपूर मिळते. मात्र गाळ ताटाखाली साचत जातो आणि तो काढायला अखेर सगळी पेटी उपसावी लागते. खडे ३ ते ५ मिलिमीटरचे हवेत. वाळू चालत नाही.

*पेटीतला मोटर फिल्टर* : बुडणाऱ्या छोट्या मोटरला स्पंजाची नळकांडी जोडलेली असते. गाळ चांगला उचलतो. पण छोट्या पेटीत प्रवाह फार जोरदार होऊ शकतो.

*काठावर टांगायचा फिल्टर* : पेटीच्या मागच्या काठावर डबा टांगलेला असतो. मोटर पाणी डब्यात चढवते आणि ते धबधब्यासारखे परत पडते. साफ करायला सोपा, पृष्ठभागही छान हलतो. पाण्याची पातळी खाली गेली की मात्र पाणी पडण्याचा आवाज वाढतो, आणि काही नमुन्यांत वीज जाऊन आली की मोटर कोरडी फिरते.

*टॉप फिल्टर* : पेटीवर आडवे खोके. मोटर पाणी वर चढवते, ते खोक्यातील कापूस-स्पंजातून ठिबकत खाली येते. हवेशी संबंध चांगला येतो.

*कॅनिस्टर* : पेटीबाहेर ठेवायचा बंद डबा. शंभर लिटरच्या पुढच्या पेट्यांसाठी उत्तम. लहान पेटीला त्याची गरज नाही.

निवड कशी करावी?

पाच प्रश्न कागदावर लिहा आणि उत्तरे मांडा.

१. *पाणी किती?* लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १,००० ने भागा. मोटरचा फिल्टर घेणार असाल तर तासाला पेटीतील पाण्याच्या चार-पाच पट प्रवाह पुरेसा धरतात. ४५ लिटरला सुमारे २०० लिटर. हा अनुभवाचा आडाखा आहे, निसर्गनियम नव्हे. खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या मोटरचा असतो. स्पंज भरला की प्रवाह घटतो. प्रत्यक्ष प्रवाह तुम्हीच मोजा. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली १ लिटरचे भांडे धरा. ते २० सेकंदांत भरले तर ३,६०० भागिले २०, म्हणजे तासाला १८० लिटर.

२. *मासे कोणते?* फायटर मासा लांब परांचा आणि संथ असतो. जोराच्या प्रवाहात तो दमतो. गप्पींची पिल्ले मोटरच्या जाळीत ओढली जातात. या दोघांना स्पंज फिल्टर योग्य. गोल्डफिश खूप खातो आणि खूप घाण करतो. त्याला मोठी पेटी आणि गाळ उचलणारा फिल्टर, दोन्ही हवे.

३. *वीज गेली तर?* पावसाळ्यात वाऱ्या-पावसाने वीज तासन् तास गेल्याचा अनुभव कोकणात सर्वांना आहे. बंद डब्यात अडकलेल्या जिवाणूंचा ऑक्सिजन लवकर संपतो. उघड्या पाण्यात असलेला स्पंज जास्त वेळ तग धरतो. शिवाय एअर पंप बॅटरीवर चालणाराही मिळतो.

४. *वीज किती लागेल?* गाळणी चोवीस तास चालली पाहिजे. ३ वॅटचा एअर पंप महिन्याला ३ × २४ × ३० = २,१६० वॅट-तास, म्हणजे सुमारे २.२ युनिट घेतो. १० वॅटची मोटर ७.२ युनिट. तुमच्या बिलातील दराने गुणून घरच्यांना खर्च आधीच सांगा.

५. *साफ कोण करणार, आणि पेटी कुठे ठेवणार?* हात जात नाही अशा कोनाड्यात टांगता फिल्टर लावला तर तो कधीच साफ होत नाही. ४५ लिटर पाण्याचेच वजन ४५ किलो. काच आणि खडे वेगळे. टेबल तेवढे भक्कम हवे.

उत्तरे बहुधा अशी येतील. २० लिटरमध्ये एक फायटर असेल तर एक लहान स्पंज फिल्टर. ४५ लिटरमध्ये आठ-दहा गप्पी असतील तर एका पंपावर दोन स्पंज. एक धुतला तरी दुसरा काम करीत राहतो. तेवढ्याच पाण्यात प्रवाहात पोहायला आवडणारे, चपळ झेब्रा मासे असतील तर काठावरचा २०० लिटरचा फिल्टर चालेल. त्याच्या तोंडाला स्पंजाची टोपी घालावी. आणि १० लिटरच्या गोल भांड्यात दोन गोल्डफिश? त्याला कोणतीच गाळणी पुरणार नाही. तिथे भांडे बदलणे हाच उपाय.

नवी गाळणी रिकामी असते

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. दुकानातून आणलेल्या कोऱ्या स्पंजात जिवाणूंची वसाहत नसते. ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनिया वाढतो, मग नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट. या काळात एकदम दहा मासे सोडले तर फिल्टर कितीही महाग असो, तो त्यांना वाचवू शकत नाही. उपाय सोपा आहे. ज्यांची निरोगी पेटी वर्षभर चालू आहे अशा मित्राकडून वापरलेल्या स्पंजाचा तुकडा ओलाच आणून नव्या गाळणीत घालावा. एक-दोनच मासे सोडावेत, चिमूटभरच खाद्य द्यावे, आणि अमोनिया व नायट्राइट तपासण्याच्या संचात दोन्ही शून्य दिसू लागल्यावर हळूहळू मासे वाढवावेत.

हीच वसाहत आपण नळाखाली धुऊन टाकतो! मीरा-भाईंदरला उल्हास नदीचे शुद्ध केलेले पाणी नळाने येते. रोगजंतू मारण्यासाठी त्यात क्लोरीन असते, आणि ते चांगले व वाईट असा भेद करीत नाही. म्हणून स्पंज पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-तीनदा पिळावा, साबण कधीही लावू नये, आणि सगळे स्पंज एकाच दिवशी धुऊ नयेत. पेटीत घालायचे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत २४ तास उघडे ठेवले की साधे क्लोरीन उडून जाते. क्लोरामाइन वापरले असेल तर ते असे उडत नाही. त्यासाठी दुकानात मिळणारे, त्याच कामासाठी बनवलेले औषध सूचनेप्रमाणे घालावे. खाडीकाठच्या भागात बोअरचे पाणी पुष्कळदा मचूळ असते. ते वापरू नये.

मिठागराचा धडा

गाळणी चांगली असली तरी पाणी बदलावे लागतेच, हे पुष्कळांना पटत नाही. "पाणी कमी झाले की आम्ही भर घालतो," असे ते सांगतात. त्यांनी भाईंदरची मिठागरे आठवावीत. खाडीचे पाणी आत घेतात, उन्हाने पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. पेटीतही तेच होते. पाण्याची वाफ उडते. नायट्रेट आणि क्षार मागे राहतात. वरून भर घातली तर पातळी सारखी होते, पण आतला साठा वाढतच जातो. शिवाय नायट्रीकरणात आम्ल तयार होते आणि सामू हळूहळू उतरतो. म्हणून दर आठवड्याला ४५ लिटरमधील १० लिटर पाणी काढून तेवढेच साठवलेले घालावे. पाणी येणार नाही असे आधी जाहीर झाले, तर आदल्या दिवशीच बादली भरून ठेवावी. काढलेले पाणी कुंड्यांना घाला. त्यातील नायट्रेट झाडांना खत आहे.

सावधगिरी

- पेटीत हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद करा. वायर सॉकेटच्या खाली झोळासारखी लोंबती ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळेल, सॉकेटात जाणार नाही.
- एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत एकेरी झडप बसवा. नाही तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरते.
- वीज गेली की खाद्य बंद. मगाने पाणी घेऊन थोड्या उंचीवरून पुन्हा पेटीत ओता. बंद डब्यातील स्पंज काढून पेटीत सोडा. बराच वेळ बंद राहिलेला डबा, आतले कुबट पाणी टाकूनच पुन्हा सुरू करा.
- नको झालेले मासे तलावात, नाल्यात किंवा खाडीत सोडू नका. 'पेटी साफ करणारा' म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच सोडला गेला आणि भारतातील अनेक नद्या-तलावांत पसरला. देशी माशांना आणि मच्छिमारांच्या जाळ्यांना तो आज त्रास देत आहे.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

यात एकही मासा लागत नाही. ५ लिटर पाणी मावेल अशा तीन सारख्या बरण्या घ्या. क्लोरीन उडालेले पाणी भरा. १ ग्रॅम माशांचे खाद्य मोजून त्याचे दहा सारखे भाग करा आणि प्रत्येक बरणीत एक भाग घाला. पहिल्या बरणीत नुसती हवेची नळी सोडा, दुसरीत नवा स्पंज फिल्टर लावा, तिसरीत जुन्या पेटीतील स्पंज फिल्टर. तिन्हींत हवा सारखीच सोडायची, म्हणजे फरक पडला तो हवेमुळे असे कोणी म्हणणार नाही. तीन आठवडे एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट तपासा व आलेख काढा. तपासणी संचातील रसायने शिक्षकांच्या देखरेखीखालीच हाताळा. तिन्ही आलेख एकाच कागदावर काढले की 'जुना' शब्दाचा अर्थ तुम्हाला नव्याने कळेल.

शहरांच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतही याच कुळातील जीव, हवा आणि पृष्ठफळ यांच्या बळावर अमोनिया काढला जातो. तिथे टाक्या लाखो लिटरच्या आणि पंप प्रचंड, एवढाच फरक. तुमच्या टेबलावरचा स्पंज म्हणजे त्याच केंद्राची छोटी प्रतिकृती आहे.

स्वाध्याय

१. ४५ × २५ × २५ सेंटिमीटरच्या पेटीत २२ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी आहे. खड्यांची जागा २ लिटर धरून प्रत्यक्ष पाणी किती? त्याला तासाला किती प्रवाहाचा फिल्टर पुरेल?

२. रात्री आवाज होतो म्हणून एका घरी रोज दहा ते सहा गाळणी बंद ठेवतात. यात कोणकोणते धोके आहेत?

३. नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४० मिलिग्रॅम आहे. चौथा हिस्सा पाणी बदलल्यावर ते किती होईल? ते २० च्या खाली आणायला असा बदल किती वेळा करावा लागेल? (नव्या पाण्यात नायट्रेट नाही आणि मधल्या काळात नवा तयार होत नाही असे धरा.)

४. तुमच्या ओळखीतील तीन पेट्या पाहा. पाणी, मासे, गाळणीचा प्रकार आणि साफ करण्याची पद्धत यांचा तक्ता करा. कोणत्या पेटीला कोणता बदल सुचवाल, आणि का, ते वर्गात सांगा.